पणजोबा पलटणीत होते म्हणतात, पण कुठल्या? जुन्या फौजी नोंदी शोधायच्या कशा

आमच्या घरात लहानपणापासून एकच वाक्य ऐकलेलं, "पणजोबा बसऱ्याला गेलेले". बास. कधी गेले, कुठल्या पलटणीत, पेन्शन होतं का नव्हतं, काही पत्ता नाही. आत्या म्हणायची होतं, चुलते म्हणायचे सरकारनं खाल्लं. मी चार वर्षं या मागे लागलो, बराच वेळ चुकीच्या दारात उभा राहिलो, तेव्हा तुमचा तो वेळ वाचावा म्हणून लिहितोय.

पहिली गोष्ट, लंडनपासून सुरुवात करू नका. सगळे तेच करतात, मीही केलं, गुगलवर आडनाव टाकायचं आणि ब्रिटिश लायब्ररीची साइट उघडून बसायचं. तिथं गोऱ्या ऑफिसरची कुंडली मिळते, सातारा रत्नागिरीच्या साध्या शिपायाची सर्व्हिस फाइल तिथं नसते. आपल्याला लागतो तो नंबर. फौजेत माणूस म्हणजे नंबर, नाव नंतर. आणि हा नंबर बहुतेक वेळा घरातच असतो, कुणी नीट बघितलेलं नसतं.

आमचा देव्हाऱ्यात होता. दर दसऱ्याला कोयता, विळा, पहार आणि "पणजोबांचा बिल्ला" मांडून पूजा व्हायची, हळदकुंकू लागून लागून त्याच्यावरचा राजा पिवळा पडलेला. आम्ही कायम तोंडाकडूनच बघायचो. एकदा तो आडवा धरला, खिडकीपाशी नेला आणि मोबाईलचा टॉर्च बाजूनं मारला तर कडेवर, म्हणजे जाडीवर, बारीक इंग्रजी अक्षरं. आधी चार आकडी नंबर, मग सिपॉय, मग नाव, आणि शेवटी ११७ आणि माहराट्टाज. शंभर वर्षं घरात पडलेलं उत्तर, आणि आम्ही त्याला कुंकू लावत होतो.

तर बिल्ला असेल तर कड बघा. पहिल्या महायुद्धाचा चांदीचा ब्रिटिश वॉर मेडल (एका बाजूला पाचवा जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोड्यावर उघडा माणूस आणि १९१४, १९१८ ही सालं) आणि पंखवाल्या बाईचा व्हिक्टरी मेडल, दोन्हीच्या कडेवर नाव असतं. १९१४-१५ चा स्टार असेल तर नाव मागच्या बाजूला ठोकलेलं असतं. तोच वॉर मेडल चांदीऐवजी ब्राँझचा निघाला तर माणूस लढणाऱ्या पलटणीत नव्हता, लेबर कोअरमध्ये (मजुरांच्या तुकडीत) किंवा फॉलोअर (पलटणीबरोबरचा न लढणारा नोकर) होता असं समजा आणि त्या दिशेनं शोधा. चांदीचे बरेचसे सोनाराकडे गेले, त्याचे तोडे झाले, ते सोडा. आणि एक हात जोडून विनंती, चिंच, राख, ब्रासो काहीही लावून घासू नका, कडेवरची अक्षरं आधी जातात.

दुसऱ्या महायुद्धाच्या मेडलवर नाव असेलच असं नाही, पण तिथं दुसरी सोय आहे. सहा टोकांचे ब्राँझचे स्टार असतात त्यांच्या मधल्या गोलात सरळ लिहिलेलंच असतं, आफ्रिका स्टार, इटली स्टार, बर्मा स्टार. म्हणजे आजोबा कुठं लढले हे छातीवरच लिहिलेलं. आणि मागच्या बाजूला भारताचा नकाशा असलेला मेडल असेल तर तो इंडिया सर्व्हिस मेडल, तो देशातल्या ड्युटीचा. स्टार एकही नाही आणि नुसता हाच आहे, तर "आजोबांनी जपान्यांना मारलं" ही गोष्ट जरा जपून सांगा, आमच्या भावकीत यावरून एक जण अजून माझ्याशी बोलत नाही.

आता पलटणीचे आकडे. यात लोक फार गोंधळतात कारण १९२२ ला सगळे नंबर बदलले. त्याआधी १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ अशा वेगवेगळ्या मराठा पलटणी होत्या, १९२२ ला त्यांची मिळून ५ वी माहराट्टा लाइट इन्फंट्री (थोडक्यात ५ एमएलआय) झाली. १०३ ची पहिली बटालियन झाली, तीच जंगी पलटण. १०५ ची दुसरी, काळी पाचवी. ११० ची तिसरी, ११६ ची चौथी, ११७ ची पाचवी, आणि ११४ ची ट्रेनिंगची दहावी. म्हणजे पहिल्या महायुद्धातले पणजोबा "११७" असतील आणि दुसऱ्यातले आजोबा "५ एमएलआय" असतील तर ते एकाच घराण्यातले. पण ५ एमएलआय म्हणजे पाचवी बटालियन नव्हे, ती रेजिमेंटची पाटी, बटालियनचा आकडा वेगळा लिहितात, १/५, ३/५ असा. यावर माझे दोन महिने गेले. आणि शोधताना स्पेलिंग जुनं टाका, मराठा नाही, माहराट्टा, एम ए एच आर ए डबल टी ए. आत्ताचं स्पेलिंग टाकलं तर निम्म्या गोष्टी दिसतच नाहीत.

महार पलटणीचंही असंच, १११ महार्स ही १९१७ ला उभी राहिली आणि १९२१ ला मोडली, आत्ताची महार रेजिमेंट १९४१ ची. त्यामुळं मधल्या वीस वर्षांत महार रेजिमेंट शोधत बसू नका, नव्हतीच. त्याहून मागं जायचं असेल तर नावांची पद्धतच वेगळी, कोरेगावच्या जयस्तंभावर बघा, नावाच्या शेवटी "नाक" असतं, आडनावाचा पत्ता नाही.

नावावरून आठवलं, सगळ्यात जास्त डोकं इथंच फुटतं. भरतीच्या वेळी कारकुनाला जे ऐकू आलं ते त्यानं लिहिलं. जाधव झाला जाधाव नाहीतर जादव, शिंदे झाला सिंदे, कदमचा कुडुम, मोरेचा मोरय. तुकारामचा तुका, विठ्ठलचा विठू, आणि गणू की गुनू हे देवालाच माहीत. काही जण थोरल्या भावाच्या नावावर भरती झालेले असतात, वय तर कुणाचंच खरं नसतं. म्हणून एका कागदावर नावाची सात-आठ तरी इंग्रजी रूपं काढून ठेवा आणि प्रत्येक ठिकाणी सगळी टाकून बघा. बापाचं नाव पाहिजेच, एकाच गावचे तीन बाबू सावंत एकाच पलटणीत असतात.

जिल्हा पण तेव्हाचा लिहायचा. मालवण, कणकवली १९८१ पर्यंत रत्नागिरीत होतं, सिंधुदुर्ग नावाचा जिल्हाच नव्हता. रायगड म्हणजे कुलाबा. तासगाव साताऱ्यात, मग १९४९ पासून दक्षिण साताऱ्यात, सांगली हे जिल्ह्याचं नाव १९६० ला आलं. बेळगाव मुंबई इलाख्यात. सांगलीकर "सांगली" टाकतात आणि काही सापडत नाही म्हणून सोडून देतात.

घरातलं बघून झालं की गावात जा. शाळेच्या, चावडीच्या किंवा देवळाच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी असते, इंग्रजीत, "या गावातून इतकी माणसं १९१४-१९१९ च्या महायुद्धात गेली, त्यातली इतकी कामी आली" अशा अर्थाची. नावं नसतात, फक्त आकडे. पण आकडा कळला तरी म्हातारी माणसं नावं मोजायला लागतात, बारा गेले म्हणजे आमचे दोन, वरच्या आळीचे चार. आमच्या गावात या पाटीवर ऑइलपेंटचे चार हात बसलेत, बोट फिरवून वाचली. साताऱ्याकडच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या फौजी गावात तर विचारायलाच नको, तिथं घराघरात माहिती मिळते.

तलाठ्याकडे किंवा तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये कोतवाल बुक असतं, गाव नमुना १४, जन्ममृत्यूचं. आणि जुने फेरफार. यात फौजेची माहिती सहसा नसते, पण आजोबा-पणजोबांचं खरं नाव, बापाचं नाव, वारस कोण लागले, मेले कधी, हे सगळं मिळतं, आणि पुढं नातं सिद्ध करायला हेच कागद लागणार आहेत. आपले अभिलेख या सरकारी साइटवर बऱ्याच तालुक्यांचे जुने फेरफार स्कॅन करून ठेवलेत, आधी तिथं बघा म्हणजे हेलपाटा वाचेल. मोडीत असेल तर घाबरू नका, मोडी वाचणारी माणसं आता बरीच आहेत.

माणूस लढाईत गेला असेल (म्हणजे मेला असेल) तर सोपं पडतं. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन, सीडब्ल्यूजीसी, यांचा शोध फुकट आहे. पहिल्या युद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातले मृत्यू धरलेत, लढाई संपल्यावर दवाखान्यात गेलेलेही त्यात येऊ शकतात. युक्ती अशी की आपल्या लोकांचं सगळं नाव बहुतेक वेळा आडनावाच्याच रकान्यात भरलेलं असतं, त्यामुळं पहिलं नाव रिकामं ठेवा. तेही जमलं नाही तर नाव सोडून द्या, इंडियन आर्मी निवडा आणि जादा माहितीच्या रकान्यात गावाचं किंवा तालुक्याचं नाव टाका, बऱ्याच नोंदींत "अमक्याचा मुलगा, तमक्या गावचा" असं लिहिलेलं असतं. मी सहज आमचा तालुका टाकला तर पलीकडच्या वाडीतले दोघे निघाले, त्यांच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं.

आपले बरेच लोक बसरा मेमोरियलवर आहेत, पण तिथं गोऱ्यांची आणि आपल्या ऑफिसरांची नावं कोरली, साध्या शिपायांचा मात्र पलटणीवार नुसता आकडा. त्यात १९९७ ला सद्दामनं ते अख्खं स्मारक उचलून वाळवंटात नेऊन ठेवलं. फ्रान्सला गेलेल्यांसाठी नव्ह शापेलचं स्मारक आहे. पण तुमचा माणूस जिवंत परत आला असेल तर सीडब्ल्यूजीसीत सापडणार नाही, उगाच रात्री जागवू नका.

परत आलेल्यांसाठी खरं दार म्हणजे त्या रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस. मराठ्यांचं बेळगावला, महारांचं सागरला (मध्य प्रदेशातलं), बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला, रणगाड्यावाल्यांचं नगरला, सिग्नलचं जबलपूरला, मेडिकलचं लखनौला. नेव्हीचे खलाशी असतील तर मानखुर्दच्या चीता कॅम्पमधलं ब्यूरो ऑफ सेलर्स.

इथं दोन शब्द पाठ करा, शीट रोल आणि लाँग रोल. शीट रोल म्हणजे शिपायाची पूर्ण पत्रिका, उंची, छाती, अंगावरची खूण, कुठं बदली, काय शिक्षा, वारस कोण. पण पेन्शन नसलेल्यांचे हे कागद डिस्चार्जनंतर पंचवीस वर्षांनी नियमानंच नष्ट करतात. त्यामुळं "कागदपत्रं नष्ट झाली" असं पत्र आलं की लोक समजतात संपलं. संपलेलं नसतं. लाँग रोल म्हणजे रजिस्टर, एका माणसाची एक ओळ, नंबर, नाव, भरतीची तारीख, डिस्चार्जची तारीख, कारण, आणि हे रजिस्टर कायम ठेवायचं असतं. म्हणून पत्रातच लिहा की शीट रोल नसेल तर लाँग रोलमधल्या नोंदीची प्रत द्यावी. फार जुन्या लोकांची ओळ मिळेलच याची हमी नाही, आमच्या पणजोबांची नाही मिळाली, दुसऱ्या महायुद्धात फौजेत असलेल्या आजोबांची मिळाली.

पत्र इंग्रजीत किंवा हिंदीत, ऑफिसर इन चार्ज रेकॉर्ड्स यांच्या नावानं. त्यात नंबर, हुद्दा, नाव (सगळ्या स्पेलिंगसकट), बापाचं नाव, गाव, तालुका, तेव्हाचा जिल्हा, अंदाजे साल, मेडलच्या कडेचा फोटो, आणि तुम्ही त्यांचे कोण ते कागदांसकट. मूळ कागद चुकूनही पाठवू नका. आणि गोष्ट सांगू नका. माझं पहिलं पत्र अडीच पानांचं होतं, आजोबा किती शूर, गावात किती मान, आणि नंबरच लिहायचा राहिला. उत्तर आलं दोन ओळींचं, नंबर कळवा. दुसरं पत्र अर्ध्या पानाचं केलं, तीन प्रश्न, भरती कधी, डिस्चार्ज कधी आणि कशामुळं, पेन्शन मंजूर झालं का. त्याला नीट उत्तर आलं.

पत्रानं काम झालं नाही तरच माहितीचा अधिकार. दहा रुपये फी, ऑनलाइन भरा नाहीतर पोस्टल ऑर्डर लावा, तीस दिवसांत उत्तर अपेक्षित, नाही आलं किंवा पटलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. "खाजगी माहिती आहे" म्हणून नाकारलं तर कलम ८(३) दाखवा, वीस वर्षांपूर्वीच्या गोष्टींना थोडे अपवाद सोडले तर ही अडवणूक लागू होत नाही. मात्र हा अधिकार भारतीय नागरिकांनाच आहे, त्यामुळं लंडन न्यूजर्सीत पासपोर्ट बदललेल्या मंडळींनी इकडच्या चुलतभावाला कामाला लावा.

आता पेन्शन. भांडणं सगळी इथं होतात. जुना पेन्शनचा कागद म्हणजे पीपीओ सापडला तर नंबरच्या आधीचं अक्षर बघा, एस असेल तर सर्व्हिस पेन्शन, डी असेल तर डिसेबिलिटी, एफ असेल तर फॅमिली, आणि शेवटी साल. हे मंजूर करणारं ऑफिस अलाहाबादला, आता प्रयागराज म्हणतात, पीसीडीए पेन्शन. त्यांच्याशी बोलायचं तर पीपीओ नंबर नाहीतर आर्मी नंबर लागतोच, नुसतं नाव तिथं कुणी विचारत नाही. आजी अजून हयात असेल आणि फॅमिली पेन्शन चालू असेल तर बँकेच्या पासबुकापासून सुरुवात करा, आता बहुतेक सगळं स्पर्श या फौजी पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलवर आलंय, तिथल्या लॉगिनमध्ये पीपीओ मिळतो.

आणि "पेन्शन सरकारनं खाल्लं" यावर. दुसऱ्या महायुद्धात जे १९४०-४२ ला भरती झाले आणि १९४६-४७ ला घरी आले त्यांच्यातल्या बहुतेकांना पेन्शन बसतच नव्हतं. फौजी पेन्शनला पंधरा वर्षं नोकरी लागायची, यांची चार-पाच. त्यांना ग्रॅच्युइटीची एक रक्कम देऊन सोडलं. डिस्चार्जच्या कागदावर कारणाच्या जागी "सर्व्हिसेस नो लाँगर रिक्वायर्ड" असलं काहीतरी असतं, म्हणजे गुन्हा नव्हे, युद्ध संपलं, गरज संपली. आमच्या आजोबांच्या लाँग रोलच्या ओळीत हेच निघालं. चुलत्यांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, तेच की, खाल्लं.

यावरून एक सावधगिरी. नातवा-पणतवांना जुनं पेन्शन मिळत नाही. फॅमिली पेन्शन विधवेला, आणि नियमात बसली तर मुलाबाळांना, जसं अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित मुलगी, अपंग मूल. पेन्शनर मेला तेव्हा थकलेली रक्कम असेल तर वारस मागू शकतात, तेवढंच. "पणजोबांची थकबाकी काढून देतो, आधी पाच हजार भरा" असं सांगणारा भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

ज्यांना पेन्शन नव्हतं अशा दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य सरकार दरमहा मदत देत आलंय, आणि ती जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून जाते, आपण ज्याला सैनिक बोर्ड म्हणतो. शोधणाऱ्यासाठी ही खाण आहे, कारण त्या अर्जाला डिस्चार्जची प्रत जोडलेली असते. आजीनं कधी "महिन्याचे पैसे" घेतले असतील तर तिथं तिची फाइल असणार. मी गेलो त्या ऑफिसात पहिल्या दिवशी साहेब नव्हते, दुसऱ्या दिवशी किल्ली नव्हती, तिसऱ्या दिवशी एका रिटायर्ड हवालदारानं आजोबांचं गाव विचारलं आणि दहा मिनिटांत फाइल काढली. त्यात आजोबांचा डाव्या अंगठ्याचा ठसा होता.

एवढं झालं, पलटण आणि सालं हातात आली, की मग दिल्ली आणि लंडन. नॅशनल आर्काइव्हजचं अभिलेख पटल हे पोर्टल फुकट आहे, खातं उघडा आणि पलटणीच्या नावानं शोधा. लंडनच्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये पलटणींच्या वॉर डायऱ्या आहेत, डब्ल्यूओ ९५ या मालिकेत, बऱ्याच स्कॅन झाल्यात. शिपायाचं नाव त्यात येत नाही, "चौघे मेले, अकरा जखमी" एवढंच, पण कुठल्या दिवशी पलटण कुठं होती ते कळतं. माणूस जमादार, सुभेदार होता तर जुन्या इंडियन आर्मी लिस्टमध्ये पलटणीवार नाव छापलेलं असतं, स्कॉटलंडच्या नॅशनल लायब्ररीनं त्या ऑनलाइन ठेवल्यात. शौर्यपदक असेल तर लंडन गॅझेट, म्हणजे ब्रिटिश सरकारचं राजपत्रही बघा.

आमच्या ११७ चं सांगतो. ती पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमध्ये होती, १०३ आणि ११० पण. हे सगळे इराकातल्या कुटला वेढ्यात अडकले, ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, उपाशी, आणि शेवटी शरण. पकडलेल्या आपल्या लोकांना तुर्कांनी रास अल ऐनला रेल्वेच्या कामावर जुंपलं. पलटण पुन्हा उभी केली ती मागे राहिलेल्या आणि नव्या भरतीच्या लोकांतून. म्हणजे नुसतं "११७" कळून भागत नाही, पणजोबा वेढ्यात होते की नंतरच्या भरतीतले हे ठरवावं लागतं. जिनिव्हाच्या रेड क्रॉसनं पहिल्या युद्धातल्या कैद्यांची कार्डं ऑनलाइन ठेवलीत, मी आत्ता त्यात आहे, नावाच्या अकरा स्पेलिंगांपैकी सहावं चालू आहे.

कोकणातल्यांसाठी एक राहिलं. तुमचे पणजोबा "बोटीवर" होते असं घरात म्हणत असतील तर ते फौजेत नसून व्यापारी जहाजावर खलाशी असण्याची शक्यता जास्त, रेकॉर्ड ऑफिसात शोधून उपयोग नाही. बोट बुडून गेले असतील तर मुंबईत मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या युद्धातल्या दोन हजारांहून जास्त खलाशांचं स्मारक आहे, त्यांची नावं सीडब्ल्यूजीसीवर स्मारकाच्या नावानं (बॉम्बे किंवा मुंबई १९१४-१९१८ मेमोरियल) शोधलं की निघतात. तसंच पेन्शन होतं पण पीपीओ फौजेचा नाही, असं दिसलं तर माणूस आझाद हिंद सेनेत गेला होता का ते विचारा, त्यांचं पेन्शन स्वातंत्र्यसैनिकांच्या योजनेतून, १९७२ पासूनचं, आणि ती फाइल सैनिक बोर्डात नाही, कलेक्टर कचेरीत शोधायची.